मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी घरची स्विफ्ट कशी तयार करावी?

प्रश्न असा आहे: २००८ ची पेट्रोल १.३ स्विफ्ट, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. अंगणात काम करायला जागा आहे, साधी हत्यारे आहेत आणि मातीवरच्या हौशी स्पर्धेत उतरायचे आहे. पैसे आधी कशावर घालावेत, आणि इंजिनची ताकद किती वाढवावी?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. पहिल्या मोसमात इंजिनची ताकद अजिबात वाढवू नका. सैल मुरमावर ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मूळच्या ताकदीवरही चाके जागच्या जागी फिरवते. ताकद आधीच जमिनीवर उतरत नसेल, तर ती वाढवून वेळ कमी होत नाही. वेळ कमी होतो टायरने, धडधाकट शॉकअपने आणि ड्रायव्हर सीटमध्ये घट्ट बसलेला असल्याने. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक फेरी पूर्ण होणे. म्हणून या कामाचा क्रम असा लावा: आधी गाडी तुटणार नाही हे बघा, मग ती मातीत धरून चालेल असे करा. वेगाचा विचार त्यानंतर.

स्पर्धा कोणती हेही नीट समजून घ्या, कारण तयारी त्यावर ठरते. खरे रॅलीक्रॉस १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लिडन हिलला सुरू झाले. त्यात चार-सहा गाड्या एकदम सुटतात, एकमेकींना घासतात, आणि ट्रॅक अर्धा डांबरी, अर्धा मातीचा असतो. तिथे रोल केजशिवाय, म्हणजे गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवलेल्या पोलादी पाइपांच्या पिंजऱ्याशिवाय, उतरता येत नाही. अमेरिकेत एससीसीए हा मोटार क्लब ‘रॅलीक्रॉस’ याच नावाने जी हौशी स्पर्धा भरवते तिचा प्रकार वेगळा आहे. शंकू मांडलेल्या मातीच्या मैदानावर एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची वेळ मोजतात. शंकू पाडला तर २ सेकंद, गेट (दोन शंकूंमधली वाट) चुकले तर १० सेकंद दंड, आणि सगळ्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरतात. आपल्याकडची मातीवरची ऑटोक्रॉस याच जातीची आहे. फरक एवढाच की आपल्याकडे बहुतेक वेळा सर्वोत्तम फेरी धरतात. तरीही प्रत्येक आयोजकाची नियमावली वेगळी असते, ती छापून घ्या आणि पाना उचलण्याआधी वाचा. फेऱ्यांची बेरीज धरणार असतील तर एक फेरी अर्धवट सुटली की दिवस संपला.

कागदपत्रांचे दोन मुद्दे आहेत. एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेला स्पर्धक परवाना लागतो, तो आधी काढा. दुसरा मुद्दा विम्याचा. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा मजकूर असतो आणि त्यात आयोजित शर्यती, वेगचाचण्या व रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या) वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर वाकलेला एक पत्राही विमा कंपनी भरून देणार नाही. रोज ऑफिसला नेण्याची एकमेव गाडी असेल तर हा धोका पत्करायचा की नाही, ते आजच ठरवा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातले जवळपास सगळे पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असेच आहे.

आता गाडीखाली जाऊया. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करा, जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि उचललेली बाजू जॅक-स्टँडवर टेका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालायचे नाही.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट गेलेला आहे. डावे-उजवे धरून हलवल्यावर खडखडले तर टाय रॉड एंड. दोन्हीपैकी नक्की काय ते कळत नसेल तर दुसऱ्याला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही जॉइंटवर बोट ठेवा, ढिलाई बोटाला लगेच जाणवते. लोअर आर्मच्या मागच्या बुशवर टॉर्च मारा. या वयाच्या गाडीत तिथले रबर चिरलेले सापडण्याची शक्यता दाट आहे, आणि चिरलेल्या बुशने मातीत ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एक्सलचे रबरी बूट बोटांनी उघडून, घड्यांच्या आतपर्यंत बघा. केसासारखी चीर असली तरी बदला. बुटातले ग्रीस बाहेर आणि मुरमाची पूड आत गेली की तो जॉइंट एका दिवसात कटकट करू लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग आत्ताच तपासा. मातीत चाक फिरते, मध्येच पकडते, पुन्हा फिरते. त्या हिसक्यांनी कमजोर माउंटिंग फाटते आणि मग गिअर निसटू लागतो. या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. नव्वद हजारांवर आलेला बेल्ट मूळचाच असेल तर तो, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घ्या.

ऑइल चेंबरचे संरक्षण हा पहिला मोठा खर्च. बाजारात रस्त्यासाठी मिळणारी पातळ पत्र्याची गार्ड मातीच्या स्पर्धेत वाकून चेंबरलाच टेकते आणि दगडाचा मार जसाच्या तसा आत पोचवते. फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिलिमीटर ॲल्युमिनियमची किंवा ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याची करून घ्या. दोन बाय तीन फुटांचा तुकडा धरला तर ॲल्युमिनियमचे वजन साडेसात किलोच्या आसपास होते आणि लोखंडाचे तेरा किलो. हे वजन नाकावर येते, म्हणून परवडत असेल तर ॲल्युमिनियम. गार्ड आणि चेंबर यांच्यात २० ते २५ मिलिमीटर अंतर हवेच. बोल्ट क्रॉस मेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या तुळईच्या) जाड भागात घ्या, रेडिएटरखालच्या पातळ पट्टीत नाही, कारण ती पट्टी वाकली की रेडिएटरही वाकतो. पुढची कड वर वळवलेली असावी, म्हणजे उंचवट्यात घुसण्याऐवजी गार्ड त्यावरून घसरते. बोल्ट एम-१०, ८.८ ग्रेडचे घ्या आणि त्यांची डोकी पत्र्यात बुडालेली ठेवा. उघडी डोकी दगडांवर घासून गुळगुळीत होतात आणि मग ग्राइंडरशिवाय गार्ड खोलता येत नाही. ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवा, आणि मागच्या कडेजवळ चार-पाच मोठी भोके पाडा. नाहीतर गार्डवर चिखल साचतो, सुकतो, आणि इंजिनाखालून जाणारी गरम हवा अडवतो.

गार्ड करून घेताना त्याच माणसाला ब्रेक आणि पेट्रोलच्या पायपांची वाट दाखवा. जमिनीच्या सगळ्यात जवळ लोंबणारा भाग जिथे असेल तिथे छोटी पत्र्याची ढाल लावून घ्या. सायलेन्सरचे रबरी हँगर नवे घाला आणि प्रत्येकाशेजारी जाड तारेचा एक सैल वळसा द्या. हँगर तुटला तरी सायलेन्सर जमिनीवर ओढला जाणार नाही.

धुळीचे म्हणाल तर इंजिन मारण्यात दगडापेक्षा धूळ पुढे आहे, फक्त ती हळूहळू मारते. एअर फिल्टर मूळच्या बंद डब्यातलाच ठेवा. बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर गरम हवाही ओढतो आणि बारीक धूळही. नवा फिल्टर घाला, डबा आतून ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. पहिल्या दिवसानंतर एक तपासणी जरूर करा: फिल्टरच्या पुढचा, थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि स्वच्छ पांढरे फडके बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर ठीक. त्यावर तांबूस रेघ उठली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे. मग डब्याच्या क्लिपा, झाकणाची चीर आणि पाइपचा क्लँप या तीन जागा बघा. ही तांबूस पूड सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरचे काम करते. रिंगा झिजतात, ऑइल जळू लागते, आणि त्या दुरुस्तीला वरच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त पैसे लागतात.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला बरोबर टेकलेले ठेवा. लांब वळणावर गाडी आडवी सरकत असताना ऑइल चेंबरच्या एका बाजूला जमा होते आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. पण खुणेच्या वरही भरू नका, त्याने फेस होतो. रेडिएटर इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. पुढून जोरात मारलेल्या पाण्याने माती जाळीत आणखी आत बसते आणि पाती वाकतात. पंखा योग्य वेळी सुरू होतो ना, हे गाडी जागेवर तापवून बघा. कूलंट जुने असेल तर तेही बदला.

सस्पेन्शनबाबत सर्रास होणारी चूक म्हणजे रस्त्यावर छान दिसते म्हणून गाडी खाली बसवणे. मातीत चाकाला वर-खाली जायला जागा हवी असते. खाली बसवलेली गाडी खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडणीवर) आदळते, टायर जमिनीवरून उडतो आणि उडालेला टायर ना वळवतो ना थांबवतो. मूळची उंची ठेवा. फार तर १५-२० मिलिमीटर वाढवा, त्याहून जास्त नाही, नाहीतर एक्सलचे कोन बिघडून बूट पुन्हा फाटतात. नव्वद हजारांचे शॉकअप मात्र बदलाच, चारही, मूळ कंपनीचे किंवा त्या तोडीचे. पुढच्या स्ट्रटची वरची माउंटिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी.

सैल मातीत पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) सोडवून पुढची पकड वाढवतात. या स्विफ्टमध्ये दोन्हीकडचे लिंक रॉड काढले की ते होते, आणि नियमात बसत असेल तर करून बघण्यासारखे आहे. पण हे ऐकून मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीचा बार कुणी काढू नये. तिथे तोच बार लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. तो काढला तर चाक जागेवर राहणार नाही.

पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांच्या पुढच्या कडा किती आत किंवा बाहेर वळलेल्या आहेत ते, घरी मोजता येतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणा. दोन्ही सुतळ्या पुढच्या हबपासून सारख्या अंतरावर आणि मागच्या हबपासूनही सारख्या अंतरावर, शिवाय एकमेकींना समांतर असाव्यात. पुढचा आणि मागचा ट्रॅक थोडा वेगळा असतो, त्यामुळे सुतळी नुसती चाकांना टेकवून चालत नाही. स्टीअरिंग सरळ बांधून ठेवा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने घ्या. मातीसाठी टो शून्य, किंवा दोन्ही चाकांचा मिळून १ ते २ मिलिमीटर बाहेर. बाहेरचा टो वळणात नाक लवकर आत आणतो. तसाच रस्त्यावर ठेवला तर टायरची आतली कड खातो, म्हणून स्पर्धेनंतर पुन्हा शून्यावर आणा. टाय रॉड दोन्हीकडे सारखेच फिरवा, नाहीतर स्टीअरिंग वाकडे बसेल. लॉकनट आवळायला विसरू नका.

टायरवर खर्च करताना हात आखडू नका. एमआरएफची रॅली टायरची झेडडीएम मालिका मुरमावर साध्या टायरपेक्षा कितीतरी जास्त पकडते, पण तुमच्या वर्गात ती चालते का ते आधी बघा. हौशी वर्गात बहुधा रस्त्याचेच टायर लागतात. तेव्हा खोल खाचांचे, नवे, आणि अरुंद टायर निवडा. वरचा सैल थर कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचायचे असते, रुंद टायर वरच तरंगतो. काळ्या मातीचे मैदान असेल आणि रात्री पाऊस पडला असेल तर खाचा दोन वळणांत भरून जातात, तिथे कुठल्याही टायरची जादू चालत नाही. अशा वेळी स्टीअरिंग कमी वळवा आणि ब्रेक लवकर मारा. कोकण-गोव्याकडचा जांभा सुकल्यावर चांगला पकडतो, पण धारदार असतो. दोन जादा टायर सोबत ठेवा.

हवा ३२ पीएसआयपासून सुरू करा. टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारा आणि फेरीनंतर रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. खांद्याच्याही खाली पुसली असेल तर टायर लोळतो आहे, दोन पीएसआय वाढवा. २४-२५ पर्यंत उतरवलेल्या टायरची कड आडव्या घसरणीत रिमवरून सुटते किंवा मध्ये खडे अडकून हवा जाते. रिम लोखंडीच वापरा. लोखंडी रिम वाकला तर हातोड्याने सरळ होतो, अलॉय तडकते. चाकाचे नट टॉर्क पान्याने ८५ न्यूटन-मीटरला आवळा, पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. रिम आणि हब एकमेकांना टेकतात तिथे जाड रंग असेल तर तो खरवडून काढा. रंग दबला की नट ढिले होतात.

ब्रेकमध्ये मोठे काही लागत नाही. नवे पॅड, आणि जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ४, अर्धा ते एक लिटर. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३० अंश. दोन्ही जातीने सारखे असल्याने डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. हँडब्रेकवर मात्र वेळ द्या, लहान वळणात मागची बाजू फिरवायला तो लागतो. आधी ड्रम उघडून शू जवळ आणा, मगच केबल ताणा. नुसती केबल ताणली तर शू घासत राहतात आणि ड्रम तापतो. हँडब्रेक ओढताना पाच-सहा ‘टक’ आवाजांत पकडला पाहिजे.

एबीएस असेल तर पेच आहे. सैल मातीत लॉक झालेले चाक समोर मातीचा ढीग करते आणि त्यावर गाडी थांबते. एबीएस ते होऊ देत नाही, म्हणून अंतर वाढते. फ्यूज काढून ते बंद करता येते, पण त्याबरोबर मागच्या ब्रेकचे नियंत्रणही जाते आणि मागची चाके आधी लॉक होतात. नवख्या माणसाने पहिल्या दोन-तीन स्पर्धा एबीएस चालू ठेवूनच कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत बसण्याच्या जागेत सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट काढा. ते सरकून पेडलखाली जाते. स्टेपनी, जॅक, हत्यारे, डिकीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर. बॅटरीचा क्लँप हाताने ओढून बघा, धन टोकावर रबरी टोपी हवी. दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक धातूच्या ब्रॅकेटमध्ये, जमिनीच्या पत्र्यातून आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर देऊन बसवा. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला सिलिंडर उलटलेल्या गाडीत डोक्यात बसतो. टोइंग हुक पुढे-मागे दोन्हीकडे हवेत आणि लाल किंवा पिवळ्या रंगाच्या बाणाने दाखवलेले हवेत.

चार पट्ट्यांचा हार्नेस हौसेने मूळच्या सीटवर लावणे टाळा. मूळची सीट आणि तीन बिंदूंचा पट्टा यांची जोडी एकमेकांसाठी बनवलेली असते. हार्नेस लावायचा तर पाठ मागे न झुकणारी, एकसंध बकेट सीट आणि खांद्याच्या पट्ट्यांना मागे योग्य उंचीवर आधार हवा. पट्टे मागच्या सीटच्या तळाशी बांधले तर धक्क्यात ते खांदे खाली दाबतात आणि भार मणक्यावर येतो. शिवाय छत दबले तर मूळच्या पट्ट्यात माणूस बाजूला झुकू शकतो, हार्नेसमध्ये ताठ अडकून राहतो. म्हणूनच हार्नेस आणि रोल केज एकत्रच यावेत. हेल्मेटवर स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९-२०१५ या मोटार शर्यतींच्या हेल्मेट-मानकाचा शिक्का बघा. दुचाकीच्या हेल्मेटला आगीची चाचणी नसते, ते तपासणीत नाकारले जाऊ शकते.

मडफ्लॅप चार मिलिमीटर रबराचे, जमिनीपासून ८०-१०० मिलिमीटर वर. रिव्हर्स घेताना चाकात अडकून फाटतात, म्हणून मागे थोडे झुकलेले लावा. पेट्रोल १२ ते १५ लिटर ठेवा. फार कमी असेल तर वळणात पंपाला हवा मिळते आणि ऐन बाहेर पडताना इंजिन अडखळते.

सोबत न्यायचे सामान: टॉर्क पाना, हवेचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, क्लचची जादा केबल, फॅन बेल्ट, चार चाकाचे नट, जाड तार, कूलंट, पाच लिटर पाणी.

फेऱ्यांच्या मध्ये गाडी ८० च्या वेगाला थरथरायला लागली तर बेअरिंग गेले असे लगेच समजू नका. रिमच्या आत चिखल साचून चाकाचा तोल गेलेला असतो, काठीने खरवडून काढा. चाकातून कर्कश किंचाळी आली तर ब्रेक डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. तो पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने किंचित बाहेर वाकवला की पडतो.

घरी आल्यावर ब्रेक थंड होऊ द्या, मगच खालून धुवा. मागचे ड्रम त्याच आठवड्यात उघडा. आत शिरलेली माती ओलावा धरून ठेवते, शू चिकटतात आणि पुढच्या वेळी हँडब्रेक एकाच चाकाला धरतो. एक्सलचे बूट, लोअर आर्म, गार्डचे बोल्ट पुन्हा बघा, एअर फिल्टर झटकण्याऐवजी बदला, आणि दर तीन-चार स्पर्धांनी ऑइल.